भिंतीतल्या निळ्या माश्या

पडेगाव, रविवार, दिवेलागणीनंतर

सुनीलच्या, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या तोंडावर आज मी खोऱ्याचा दांडा हाणला. भुवई फुटली, शर्टावर रक्त आलं, तरी मी दुसऱ्यांदा दांडा उचलला होता.

सकाळी तो फुलंब्रीहून आला तेव्हा मीच कौतुकानं त्याला अंगणातली मातीची भिंत दाखवली. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या. यांचं पोळं नसतं, राणी नसते. प्रत्येक मादीचं वेगळं बीळ. तरोट्याच्या फुलांचे पिवळे पराग पायांना लावून आणतात आणि दिवस मावळला की सगळ्या आत. हे मीच सांगितलं. मीच.

म्हणून तो दिवस मावळायची वाट बघत बसला. गांधीलमाश्या जाळतात तसं, सगळ्या घरात आल्यावर. मी भाकरी थापत होते. वास आला तोवर त्यानं गाडीतलं पेट्रोल भिंतीवर ओतून काडी लावली होती. एक माशी बिळातून पेटलेलीच बाहेर पडली. पायांवर पिवळं तसंच.

"आक्का, तू एकटी राहतीस," भुवई दाबत तो म्हणाला. "रोज तिथं तोंड खुपसून बसतीस. चावल्या असत्या तर कोण बघणार होतं तुला?"

त्याला बाहेर काढून मी अंगणाच्या फाटकाला कडी लावली आणि बॅटरी घेऊन भिंतीपाशी गेले. नर बिळात झोपत नाहीत, एवढं सांगायचं राहिलं होतं. भिंतीपासून दहा पावलांवर, आग पोचली नाही तिथं, तरोट्याची वाळकी काडी जबड्यात धरून ते ओळीनं झोपलेत. सकाळी उठून भिंतीकडंच जातील.