उभीच बरी

४ ऑगस्ट

आज पुन्हा निवेदन! मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ. खुर्च्यांना पांढरे अभ्रे. "बाई, बसा ना दोन मिनिटं." — "नको सर, मी उभीच बरी."

लोकांना वाटतं, संस्कृतच्या बाईंना माईकचा भारी सोस. निवेदिकेला बसावं लागत नाही, एवढ्या एकाच गुणावर मी हे पद वर्षानुवर्षं भूषवते आहे! पाळीच्या दिवसांत बसणं म्हणजे उठताना डाग. म्हणून गडद कपडे, आणि पर्समध्ये निम्मं औषधांचं दुकान.

शेवटी सभागृह पाण्याखाली गेल्यासारखं हललं. माणसं माशांसारखी टाळ्या वाजवत होती, आवाज नाही. छान वाटत होतं. तेच वाईट.

६ ऑगस्ट

हिमोग्लोबिन सात. लॅबवाली म्हणाली, "चालत आलात?" मग काय, तरंगत?

खरं म्हणजे हो. तरंगतच.

१४ ऑगस्ट

सोनोग्राफी झाली, पिशवीच्या आतला तुकडाही तपासून आला. वाईट काही नाही.

नणंदबाई फोनवर: "पिशवी काढून टाक एकदाची!" उणीदुणीही त्या अशाच तडफेनं काढतात.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं निराळं. "काढायची कशाला? चिरा नाही, टाका नाही. आत छोटासा फुगा सोडायचा, त्यात गरम पाणी. काही मिनिटांत अस्तर जळून जातं. पुढे मूल मात्र नको हं."

ह्यांनी गंभीरपणे विचारलं, "फुगा कुठल्या रंगाचा?" मला हसू फुटलं. हसण्याची किंमत तिथल्या तिथे मोजली, उठून बाथरूमकडे पळाले.

"नक्की थांबेल?" "बहुतेकींचं खूप कमी होतं. काहींचं नाही होत."

मी कुठल्यांत?

१७ ऑगस्ट

लेक सुट्टीचा अख्खा दिवस झोपून. कुंभकर्णाची धाकटी बहीण! पाय बर्फासारखे गार. पांघरूण घातलं. तिलाही हल्ली कॉलेजात निवेदनाची हौस. घराण्याचा गुण, दुसरं काय!

२८ ऑगस्ट

झालं.

भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आवडीचं काहीतरी म्हणा." मी 'नदी' चालवायला घेतली. द्वितीयेपर्यंत पोचले, आणि नदीच मला घेऊन चालली. लाल नव्हती. गार, नितळ. मधोमध एक पांढरी खुर्ची. कोणी "बसा" म्हणालंसुद्धा नाही. मी बसले. पाणी दोन्ही बाजूंनी जात राहिलं.

डोळे उघडले तर हे उशाशी. "फुगा कुठाय?" "काढला. वाढदिवस संपला."

ओटीपोटात कळा आहेत. पण संध्याकाळी घरी, स्वतःच्या उशीवर.

१९ सप्टेंबर

पाणचट जात होतं, तेही थांबलं. वाट बघते आहे. धाकधूक.

७ ऑक्टोबर

आली. एवढीशी! दारातूनच बोलून गेलेल्या पाहुणीसारखी. दोनदा खात्री केली. मग बाथरूममध्येच रडले.

२ डिसेंबर

हिमोग्लोबिन अकरा. जिने आता जिन्यांइतकेच उंच आहेत.

१९ डिसेंबर

लेकीच्या कॉलेजचा कार्यक्रम. फिकट निळे कपडे घातले, पांढऱ्या अभ्र्याच्या खुर्चीत ऐटीत बसले. पहिल्या रांगेत!

माईकपाशी लेक. काळे कपडे. चेहरा कागदासारखा. एका हातानं टेबल घट्ट धरलेलं. वळताना नजर हळूच स्वतःच्याच पाठीमागे.

प्राचार्य म्हणाले, "अगं, बस की जरा."

"नको सर, मी उभीच बरी."

माझंच वाक्य. सूरही माझाच.

मी खुर्चीतून उठले.