वापर नसेल तर बंद

सोमवार, ४ तारीख

आलो बाबा एकदाचा! चौदा वर्षं रस्त्यावर ट्रक हाकला, आणि आज पहिल्यांदा जागचा न हलणारा ट्रक नशिबी आला. शेडच्या मधोमध नुसती केबिन ठेवलीय, चाकं नाहीत. सीटमागे झोपायची फळी, तिच्यावर कोरी गादी, पंखा, दिवा, एसी, पाण्याची किटली. मागे टीचभर मोरी जोडून दिलीय. पाच दिवस इथेच खायचं आणि लोळायचं. बायको म्हणाली, हे काम तर तुम्ही घरी फुकट करता.

इंजिनिअर बाईंनी नीट समजावलं. आम्ही ड्रायव्हर लोक मुक्कामाला थांबलो की एका एसीसाठी अख्खं इंजिन धडधडत ठेवतो. डिझेल जळतं, धूर होतो, इंजिन झिजतं. त्यावर उपाय म्हणून केबिनखाली बॅटरीची एक पेटी बसवलीय. इंजिन बंद असलं तरी ती सगळं चालवते. शिवाय पेटी हुशार आहे म्हणे. गादीत आणि छतात पट्ट्या आहेत, त्यांवरून तिला कळतं काय वापरात आहे. दहा मिनिटं जे वापरलं नाही ते ती आपणहून बंद करते. मी काय कधी चालू केलं ते या वहीत लिहायचं. मोबाइल बाहेर ठेवून घेतला, त्याच्या चार्जिंगनं आकडे बिघडतात.

दार आतून उघडतं, पण उघडलं की चाचणी बाद. पार पडली तर इथेच यार्डात कायमची नोकरी. रोज संध्याकाळी घरी! आमची भिंगरी पाच वर्षांची झाली, तरी मी महिन्यानं घरी गेलो की आईमागे लपते आणि विचारते, हे काका कधी जाणार? सगळे हसतात, मीही हसतो. आत मात्र तुटतं. आता तिचा बाप होऊन राहायचंय मला.

मंगळवार, ५

किटली ९.१०, पंखा ९.४०. पेटी खरंच चलाख आहे, दिव्याकडे पाठ केली की दिवा गेलाच म्हणून समजा.

बाईंनी आज मुदत दहाची पाच मिनिटांवर आणली. दुपारी डोळा लागला. उठलो तर डाव्या हाताची करंगळी हलेना. बधिरही नाही, मुंग्याही नाहीत. नुसती आहे. अंगाखाली आली असेल.

बुधवार, ६

करंगळीशेजारची दोन बोटंही गेली. जेवण झडपेतून आत येतं, ते घेऊन येणाऱ्या मेकॅनिकला सगळे पानेमास्तर म्हणतात. त्यांना बोटं दाखवली. ते म्हणाले, आयतं लोळायचं काम, अंग आखडणारच, जरा हातपाय झाडत जा राव. मग जाता जाता सांगितलं की मुदत आता दोन मिनिटांवर आलीय, बाई जाम खूश आहेत.

जेवणाला वासच नव्हता. साबण नाकाशी धरला, त्यालाही नाही.

संध्याकाळपर्यंत डावा हात मनगटापासून गेला. पंखा बंद झाला तर त्याला बटण आहे. हाताला कुठलं बटण दाबू?

दारापर्यंत गेलो होतो. कडीवर हात ठेवला. मग भिंगरी आठवली आणि परत येऊन बसलो. दोनच दिवस उरलेत. एवढ्यानं काय मरतो का मी.

गुरुवार, ७

सकाळी पानेमास्तरांनी दोन दिवसांचं जेवण एकदम आत दिलं आणि झडपेला सील लावलं. शेवटचा टप्पा, आता कुणी येणार नाही. तशी सही मीच दिलीय.

सकाळपासून येरझाऱ्या घालतोय. तीन पावलं जायचं, तीन पावलं यायचं. डावा खांदा फिरवून पाहिला, तोही गेलेला. पुरे झालं. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर नोकरी गेली खड्ड्यात, उघडतो दार. पाच मिनिटं टेकतो फक्त.

गुरुवार, दुपार

झोप लागली. मूर्खासारखा झोपलो —

दोन्ही पाय बंद.

ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं. आवाज नाही. दिवसभर कुणाशी बोललो नव्हतो ना —

शुक्रवार, ८

झोपलो नाही. मान हलवतोय, जबडा हलवतोय, लिहितोय. जे हलतं ते राहतं.

उजव्या हातानं स्वतःला ओढत गादीच्या कडेपर्यंत आणलं. दार सीटच्या पलीकडे, दोन हातांवर. पाठ उचलेना. पेन सोडलं तशी बोटं जड व्हायला लागली. पुन्हा पेन धरलं.

बाई आल्या! काचेपाशी आल्या! पानभर लिहिलं, मला बाहेर काढा. वही उचलली, पण एका हातात उघडी राहीना, मिटली. त्या हसल्या. शाबासकीचा अंगठा वर केला. काचेतून ओरडून म्हणाल्या, इतका कमी वापर आजवर कुणाचाच आला नाही, आता शेवटची मुदत अर्धं मिनिट —

गेल्या.

शुक्रवार

मान नाही आता. हात आहे. लिहितोय म्हणून आहे. काहीही लिहायचं, थांबायचं नाही. किटली पंखा दिवा किटली —

बायकोचा चेहरा आहे. आईचा — आईचा बराच वेळ आठवलाच नव्हता, आता काळोख आहे तिथे —

म्हणजे आतलंही. आतलंही बंद करतेय ती.

भिंगरी. भिंगरी आहे. केस आहेत, पुढचा पडलेला दात आहे. काका कधी जाणार, तो आवाजही आहे. धरून ठेवलंय सगळं. भिंगरी भिंगरी भिंगरी

लाडाचं नाव झालं ते. खरं नाव दुसरंच. मीच ठेवलंय, शाळेच्या फॉर्मवर मीच लिहिलंय. हाक कधी मारली नाही त्या नावानं, या पाच दिवसांत एकदाही घेतलं नाही —

लिहितो. आत्ता लिहितो. छान नाव आहे, तीन अक्षरांचं. पहिलं अक्षर

पहिलं