दगडावरचा हात

४ डिसें., रवि.
येरवडा. चाचांचा छापखाना, दगडावर काढलेलं चित्र कागदावर उतरवणारा. दगडावर दगड घासून जुनं चित्र पुसलं. वाळू, पाणी, गोल गोल फिरणारे हात. तासाभराने त्या करड्या पाण्यात मीच विरघळल्यासारखं झालं. शेवटी चाचांनी डोळे मिटून कोरड्या दगडावर तळवा फिरवला, मधोमध टेकवून ठेवला. "झाला गुळगुळीत. आता बिघडव, बेटा."

१० डिसें.
दगडावर चित्र काढलं. तेलकट काळ्या शाईचे फटकारे, वर पाणी, डबकी. ऑफिसात आठवडाभर चौकटी भरते; इथे एक रेघ सरळ नाही. सुख.
चाचा : "काय आहे हे?"
"माहीत नाही."
"मग बरोबर आलंय."

११ डिसें.
पहिला छाप. शाईच्या ढगात एक हात. पाचही बोटं. मी काढलेलाच नाही!
तेल लागलं तिथे दगड शाई धरतो, एवढंच. हल्ली सकाळी चाचांची सून त्यांच्या आखडलेल्या बोटांना तिळाचं तेल चोळते. गेल्या रविवारी हात धुवायचे राहिले असणार. आणि डोक्याला तेल लावून आलेल्यांना याच माणसाने उभं आयुष्य दारातून परत पाठवलंय...
ते चष्मा शोधत होते. मी कागद पालथा घातला.
"डाग पडला?"
"छे."

१४ डिसें.
ऑफिसात लक्ष नाही. हात खरवडता येईल, ब्लेड आहे. पण अख्ख्या चित्रात तेवढाच जिवंत. ठेवला तर त्यांना दिसणार. "माझा डाग पडेल त्या दिवशी शाईचा रोलर खाली ठेवीन, छपाई बंद," असं म्हणून बसलेत. हट्टी आहेत, ठेवतीलच. मला नकोय ते. अजिबात नकोय.

१८ डिसें., रवि.
ब्लेड घेऊन बसले. दुपारभर ऊन दगडावरच्या त्या हातावरून सरकताना बघत राहिले. नाही खरवडला.
चाचा आले, चष्म्यासकट. छाप उचलून खिडकीशी नेला. बराच वेळ.
"हात कुणाचा?"
"माझा. चुकून."
त्यांनी माझा डावा हात धरून छापावर ठेवला. (दगडावरचा उजवा कागदावर डावा होतो. त्यांना कोण फसवणार.) माझ्या बोटांपुढे छापातली बोटं पेरभर उरली.
चाचांनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.
"कागद किती भिजवू?"
"दहा," म्हटलं.
कागद भिजवले. रोलरला मात्र त्यांनी हात लावला नाही. मीही नाही.