ओढावस्तीचं आवतण

मी, शंभू सर्जेराव चोरघे, वय एकोणपन्नास, राहणार आंबेशीव, जे गाव आता पुणे शहरात आलं आहे, शुद्धीवर आहे आणि कोणाच्या दडपणाखाली नाही. मनावर ओझं मात्र आहे, तेही या मृत्युपत्रातच नोंदवतो.

तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या एका सकाळी मी गॅलरीत चहा पीत भैरवनाथाच्या यात्रेचं आवतण मोबाइलवरून वस्त्यांच्या ग्रुपवर टाकलं. आवतणाचा मान आमच्या घराण्याचा. हळदकुंकू आणि अक्षता घेऊन प्रत्येक वस्तीच्या उंबऱ्यावर चालत जायचं असतं. वडील अंगात ताप असतानाही गेले होते. मला ताप नव्हता, कंटाळा होता.

ओढावस्तीहून कोणी आलं नाही. देवाची पहिली दिवटी त्यांच्या तेलावर पेटते. त्या वर्षी ती विकतच्या पिशवीतल्या तेलावर पेटवली. मुलगा विक्रम म्हणाला, "अप्पा, सगळ्यांनी वाचलंय. ब्लू टिक आल्यात." वस्तीवरच्या द्वारकाकाकींचा निरोप आला, "पोरांनी वाचून दावलं की. पर कुकू काय मोबाइलला लावू?" तो टोमणा मला झोंबला आणि पुढची दोन वर्षंही मी गेलो नाही. यंदा ओढ्यापलीकडे वस्तीवाले वेगळा देव बसवणार, असं कानावर आलं. गाव मोडायला बिल्डर लागला नाही, मी एकटा पुरलो.

सबब माझ्या मागे व्यवस्था अशी:

१. राहतं घर पत्नी कल्याणी हिचं. तिच्या हयातीत ते विकू नये, आणि विकण्याचा विषय तिच्या जेवणाच्या वेळी काढू नये.

२. मांजरी गावाच्या बाजूचं रान व दुकान विक्रमचं. माझा चुलतभाऊ संतोष याने त्या रानाचा बांध कोरला आहे. त्यावरून कोर्टात जाऊ नये. मी त्याहून मोठा बांध कोरून बसलो आहे.

३. कर्वेनगरचा फ्लॅट मुलगी भाग्यश्रीचा. आवतणाचं पितळी तबक आणि मानही तिचाच. मान लेकीकडे जात नाही, असं भावकी म्हणेल. म्हणू दे. विक्रम गाडीतून हॉर्न वाजवेल. ही चालत जाते.

तिसरं कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. आज सकाळी भाग्यश्रीला घेऊन मी ओढा ओलांडला. द्वारकाकाकी अंगणात होत्या.

"तीन वर्सं लागली व्हय रं शंभू, एवढा वढा वलांडाया?"

मी तबक भाग्यश्रीच्या हाती दिलं. तिने उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, अक्षता ठेवल्या. काकींनी आत जाऊन तेलाची बुधली आणली आणि तिच्या हाती दिली. परतताना ते तबक मी तिच्याकडून मागून घेतलं नाही.

पुणे, दि. २ एप्रिल २०२५
सही: शंभू सर्जेराव चोरघे

साक्षीदार:
१. संतोष चोरघे (सही)
२. द्वारका महिपती झांबरे, ओढावस्ती, आंबेशीव (डाव्या हाताचा अंगठा)