वादनापेक्षा मोठा अॅम्प

ती. काकांना,

नमस्कार. (वाकून केला असं समजा. उजवा खांदा धरला आहे, त्याची हकीकत पुढे येतेच आहे.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? काकूंचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे. दुकान चालू आहे. लोकांची नजर अधू होत राहते आणि आमचं बरं चालतं. (हे वाक्य ह्यांना अजिबात आवडत नाही, पण चष्म्याच्या दुकानदारणीने दुसरं काय लिहायचं?)

मागच्या पत्रात तुम्ही बजावलं होतंत, की इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी आपण काय वाजवतो ते बघ आणि अॅम्प घेण्याआधी आपण कुठे वाजवतो ते बघ. हॉटेलच्या बँडमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाचा सल्ला म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखवला, ह्यांनी मान डोलावली, आणि आम्ही दोघं जाऊन बरोब्बर उलटं करून आलो.

आमचा बँड तुम्हाला ठाऊक नाही. औषधवाले ड्रम वाजवतात, पोस्टमास्तर बेस वाजवतात आणि शाळेतल्या भूमितीच्या बाई गातात. सराव औषधवाल्यांच्या गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमध्ये. माझी साधी लाकडी गिटार ड्रमपुढे ऐकूच येत नसे. एकदा सर्दी झाली होती म्हणून मी अर्ध्या गाण्यात गिटार खाली ठेवून निवांत नाक पुसत बसले, तर गाणं संपल्यावर भूमितीच्या बाई म्हणाल्या, "आज फारच छान साथ केलीत हो!" ते मी हसण्यावारी नेलं. पण मग कानावर आलं, की वाचनालयाच्या कार्यक्रमात वाजवाल का असं औषधवाल्यांनी कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांना हळूच विचारलंय. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे. आता माझ्याकडेही असायलाच हवी होती.

वाद्यांच्या दुकानातल्या विक्रेत्याने अगदी योग्य प्रश्न विचारला : "मॅडम, तुम्ही काय वाजवता?" खरं उत्तर असं होतं, की संथ गाण्यांना साथ करते, हात हलका आहे, करंगळी आखूड आहे. पण मागे दोन कॉलेजची मुलं उभी होती. मी म्हटलं, "सगळंच." त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि भिंतीवरून शिंगांसारखी टोकं असलेली काळी गिटार उतरवली. मग त्यानेच ती वाजवली. काय सांगू काका, अंगावर काटा आला! (ती त्याच्या हातात वाजत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गिऱ्हाइकाला मी माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवून दाखवला आणि म्हटलं, बघा कसं स्पष्ट दिसतंय, तर चालेल का?) अॅम्प त्याने माझ्या छातीपर्यंत येणारा दाखवला. शंभर वॉट. मी जरा कचरले, पण हे म्हणाले, "घ्यायचाच तर मोठा घेऊ, म्हणजे पुन्हा पुन्हा घ्यायला नको." मुलांचे गणवेश ह्यांनी याच तत्त्वावर घेतले होते. दोन्ही मुलांचं शालेय जीवन बाह्या दुमडण्यात गेलं.

अॅम्प लिफ्टने वर आला, आम्ही जिन्याने. जेवणाच्या टेबलाशेजारी तो उभा राहिल्यावर घरात कोणी पाहुणे आलेत आणि बसायला तयार नाहीत असं वाटायला लागलं. आवाजाच्या बटणावर शून्य ते दहा आकडे होते. शून्यावर काही नाही. केसभर फिरवलं आणि एक तार छेडली, तर कपाटातल्या काचेच्या ग्लासांनी साथ दिली आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर आल्या. भांडायला नाही; पडलं काय ते विचारायला. तेव्हापासून मी शून्य आणि एक यांच्या मधल्या जागेत जगत होते. त्यात गिटार इतकी जड, की खांदा आखडला. तिची मान रुंद, त्यामुळे करंगळी जिथे पोचायला हवी त्याच्या अलीकडेच थांबून राहायची.

गोदामात मात्र मी हात मोकळा सोडला. विक्रेत्याने शिकवल्याप्रमाणे आवाज खरखरीत करणारं बटणही दाबलं. भूमितीच्या बाईंचं हळवं गाणं सुरू झालं आणि मिक्सरमध्ये खिळे घातल्यासारखा आवाज आला. बाईंचे ओठ हलताना दिसत होते. मांडणीवरचं एक खोकं खाली आलं.

औषधवाल्यांनी काठ्या खाली ठेवल्या. "ताई, जरा कमी करता येईल का?"

"हे कमीच आहे," मी म्हटलं.

ते बराच वेळ जमिनीवरच्या बाटल्या गोळा करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचनालयाच्या कार्यक्रमाला दंतवैद्य येणार आहेत. नुसते ऐकायला."

काका, या वयात रडू येतं का? येतं. गाडीत बसल्यावर आलं. ह्यांनी गाडी चालूच केली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चष्मा करायला कोणी आलं की तू आधी काय विचारतेस?"

"वाचायला हवाय की लांबचं बघायला."

"मग तुला त्या दुकानात कोणी विचारलं नाही?"

"विचारलं. मी थाप मारली."

दुसऱ्याच दिवशी आम्ही परत गेलो. विक्रेत्याला मी सगळं सांगितलं : संथ गाणी, हलका हात, आखूड करंगळी, गोदाम. मग भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. हे एकेक गिटार माझ्या हातात देत होते, मी प्रत्येकीवर तेच चार सूर वाजवत होते आणि हे विचारत होते, "ही बरी, की आधीची?" माझ्या दुकानात मी दिवसभर भिंगं बदलत हेच विचारते, पण स्वतःवर कधी वेळ आली नव्हती. विक्रेत्यालाही गंमत वाटू लागली आणि तो आतल्या खोलीतून आणखी आणायला लागला. शेवटी एक हलकी गिटार मांडीवर आली. पोट आतून अर्धं पोकळ, मान निमुळती, तिच्यावरच्या पट्ट्या जरा जवळजवळ. करंगळी पोचली! डोळे उघडले तर रंग जुन्या कपाटासारखा, शिंगं नाहीत. (डोळे उघडे असते तर मी तिला हातही लावला नसता.) अॅम्प घेतला तो प्रवासाच्या बॅगेएवढा. सभागृह मोठं असलं तर त्याच्यापुढे माइक ठेवायचा, एवढं सोपं आहे ते. काळी गिटार दुकानाने परत घेतली, मोठा अॅम्प घेतला नाही.

वाचनालयाच्या कार्यक्रमाला दंतवैद्य खरंच आले आणि पहिल्या रांगेत बसले. भूमितीच्या बाईंच्या गाण्यात दोन ओळींमध्ये एक श्वासाची जागा आहे. तिथे माझे चार सूर होते. ते मला वेगळे, स्वच्छ ऐकू आले, आणि बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. एवढंच. पण तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. कार्यक्रमानंतर औषधवाले म्हणाले, "डॉक्टरांना कीबोर्ड येतो का बघतो." म्हणजे माझी जागा शाबूत आहे.

आता आवरतं घेते. तब्येतीला जपा आणि काकूंनाही जपायला सांगा.

तुमची,
चष्मेवाली पुतणी

ता. क. : हे रविवारी तुम्हाला फोन करतील. दुकानात गिटारी देता-घेता ह्यांनाही वाजवायची ओढ लागली आहे. मी नसताना माझी गिटार मोठ्या अॅम्पला जोडून सराव चालतो, हे वकीलबाईंकडून कळलं. आपल्या वादनाला शंभर वॉटच शोभतात असं ह्यांचं मत आहे. तुमचा शब्द हे मोडत नाहीत, म्हणून कृपा करून सांगा, की ह्यांच्या हाताला बिनतारेची गिटारच योग्य.

आणखी ता. क. : बिनतारेची म्हणजे वायर नसलेली. तारा नसलेली सांगितलीत तर अधिकच उत्तम.

शेवटचा ता. क. : अॅम्प दुरुस्तीला दिलाय असं मी ह्यांना सांगितलं आहे. तो टेम्पोने तुमच्याकडे निघाला आहे, पत्राच्या आधीच पोचेल. उतरवायला दोन माणसं लागतील. काकूंना हे पत्र दाखवू नका. अॅम्प तुम्हीच मागवला होतात असं त्यांना कळवून ठेवलं आहे.