टिकलीची वहाण

पिंपळे गुरव,
वैशाख, मंगळवार, १९५७

प्रिय चिमाजी,

काल चिंचवडहून केलेली तार मिळाली असेल. "पत्र येईपर्यंत झुल्यावर चढू नकोस," एवढंच होतं तिच्यात. तारमास्तरनं मजकूर दोनदा वाचला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसा काही झुल्यावर मीच चढणार होतो. तूही हसला असशील. सर्कशीच्या तंबूत सगळ्यांना वाचून दाखवली असशील. हस, पण चढू नकोस. कारण एका ओळीत सांगितलं तर तू आणखीच हसशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो. सरळ रस्त्यानं सांगणं मला जमत नाही, ते तुला ठाऊक आहे. चौथीत मास्तर पवना कुठं उगम पावते विचारायचे आणि मी पवनेकाठच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे किती ते सांगायचो. तेव्हा दम धर, पण शेवटपर्यंत वाच.

आधी माझं खोटं. टिकलीला तुझ्या हवाली करताना म्हणालो होतो की, माझी बहीण इंद्रायणी आता ठणठणीत आहे, कुत्रीची गरज उरली नाही. इंदूला नेमकं काय होतं तेही तुला धड सांगितलं नव्हतं. बहिणीचं लग्न व्हायचं असलं की माणूस जिवाभावाच्या दोस्ताशीही जपून बोलतो. तिला फेफरं येतं. बाराव्या वर्षापासून. उभी असली तर उभ्याची आडवी होते, दातखिळी बसते, हातपाय झडतात, मग तासभर कुठं आहे ते तिला कळत नाही. आमच्याकडं असं झालं की नाकाला वहाण लावतात. चामड्याच्या वासानं माणूस शुद्धीवर येतं म्हणतात. आमच्या घरात दाराशी एक जुनी वहाण त्यासाठीच ठेवलेली. ती कुणी पायात घालत नाही.

सर्कस सोडून मी घरी आलो तेव्हा टिकली माझ्याबरोबर होती. मागच्या पायाचं हाड मोडल्यावर मालक तिला नगरलाच सोडून देणार होता, आठवतं ना? रिंगणात ती जोकराची टोपी तोंडात धरून आणायची. मला वाटलं, टोपी आणते तर वहाण का नाही आणणार? आई शेतावर, मी कुठं तरी उंडारत, इंदू घरात एकटी. मग इंदूला अंगणात आडवं पडून हातपाय झाडायला लावायचो. ती हसत हसत झाडायची. टिकली वहाण आणायची, तोंडापाशी ठेवायची आणि भाकरीचा तुकडा घेऊन जायची. आठ दिवसांत शिकली. त्याच सुमाराला मी पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागलो होतो. काय कारखाना आहे चिमाजी! आतमध्ये बुरशी पिकवतात, आपण शिळ्या भाकरीवरची खरवडून टाकतो तसली, आणि तिचं औषध करतात. दीड महिना टिकलो. रोज त्याच दारातून आत जायचं आणि त्याच दारातून बाहेर यायचं म्हटलं की माझे पाय शिवशिवतात.

असो. टिकलीवर येतो. ती चुकायला लागली. इंदू धडधाकट बसलेली, तांदूळ निवडते आहे, आणि टिकली वहाण आणून तिच्या पुढ्यात ठेवते, बाजूला बसून कण्हते. मी तिला दरडावलं. आपला उस्ताद म्हणायचा, जनावरानं भलत्या वेळी केलेलं काम म्हणजे न केलेलं काम. दोनदा मी तिला छडी मारली. तिसऱ्यांदा छडी उचलली तर इंदूनंच माझा हात धरला. म्हणाली, "दादा, मारू नगं तिला. तिनं आणली की मला घटकाभरानं येतंया. माझ्याआधी तिला कळतंया." आणि खरंच चिमाजी, बोलता बोलता ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, आणि तिला आलं.

त्यानंतरचे आठ महिने मी विसरणार नाही. इंदूच्या अंगावर एक ओरखडा नाही. टिकलीनं वहाण आणली की चुलीपासून दूर व्हायचं, जमिनीवर बसायचं, पाठ टेकायची. उठली की टिकली तिचं तोंड चाटत असायची. सात वर्षं जी पोर उंबऱ्याबाहेर एकटी गेली नव्हती ती धुण्याची पाटी घेऊन नदीवर जायला लागली. पुढं ती, मागं लंगडत टिकली, टिकलीच्या तोंडात वहाण. बायका हसायच्या, "इंदे, तुजी कुत्री चोरटी हाय गं!" इंदूही हसायची. आईला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. तिथंच चुकलं.

माघात पाहुणे आले, मोशीचे. मुलगा बरा होता. फेफऱ्याचं आईनं त्यांना सांगितलं नव्हतं, मीही गप्प बसलो. ते पापच होतं, पण ते राहू दे. इंदू पोह्यांचं ताट घेऊन आली, आणि टिकली पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत आली, तोंडात ती जुनी, फाटकी वहाण. तिनं ती बैठकीच्या मधोमध ठेवली. मुलाचे चुलते मारुतराव ताडकन उठले. "आमाला घरात बोलवून पायताण दावता व्हय?" सगळे उठले. इंदूला खाली बसायचं होतं, तिची नजर भिंतीकडं गेलेली मी पाहिली. पण चार परक्या माणसांपुढं पोरगी ताट टाकून खाली कशी बसणार? ती उभी राहिली. ताटासकट पडली.

पाहुणे गेल्यावर आई टिकलीमागं जळणाचं लाकूड घेऊन धावली. म्हणाली, "हीच आणती! ही पायताण आणती तवाच माज्या पोरीला येतंया. ही आवदसा घरात न्हाई पायजे." इंदू टिकलीला मिठी मारून बसली, सुटेना. आणि मी? मी काय बोलावं, चिमाजी? मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. गप्प राहिलो, कारण टिकली गेली की मीही जायला मोकळा, असं मनात आलं. तिला शिकवणारा मी, तिला खाऊ घालणारा मी, ती होती तोवर मला घर सोडता येत नव्हतं. सर्कशीच्या पुण्याच्या मुक्कामात तुझ्याकडं आलो, तिची दोरी तुझ्या हातात दिली आणि तसाच लोणावळ्याकडं चालता झालो.

चैत्रात निरोप आला. इंदू भाकऱ्या करताना चुलीत पडली होती. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. दोन बोटं चिकटली आहेत.

पिंपरी कॅम्पात कराचीकडून आलेले एक सिंधी डॉक्टर बसतात, त्यांच्याकडं नेली. त्यांनी पट्टी केली, फेफऱ्याच्या गोळ्या दिल्या, आणि आईनं कुत्रीची गोष्ट सांगितली तेव्हा हातातली लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "कुत्ती फिट लाती नहीं, मावशी. उसको पहले मालूम पडता है. वहाण नाकाला लावून काही होत नाही. पण ती वहाण आणते, त्यानं होतं. ऐसी कुत्ती को निकाल दिया?" येताना बैलगाडीत आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. मग म्हणाली, "सयाजी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातं व्हय? आमी कोंबडंच झाकलं रं."

त्या दिवसापासून मी दारात बसून आहे. महिना होऊन गेला. इंदू चुलीशी असली की मी तिच्याकडं बघत असतो. डोळे बघतो, हात बघतो, श्वास ऐकतो. गोळ्यांनी कमी झालंय, थांबलं नाही. पाच वेळा आलं आणि पाचही वेळा मला आधी कळलं नाही. एकदा मी कुंपणावरचा सरडा बघत होतो. कुत्रीचं काम करतोय आणि मला ते येत नाही. म्हणून टिकलीला परत माग, असं आई रोज म्हणत होती, आणि तुला तसं पत्र मी लिहायला घेतलंही होतं.

तेवढ्यात परवा तुझं कार्ड आलं. तू गंमत म्हणून लिहिलंस, की टिकली म्हातारपणी येडी झाली, पंधरवड्यात तीनदा तुझी वहाण तुझ्याच पुढ्यात आणून टाकली, कण्हत बसली, तू तिला लाथेनं हाकललीस. आणि खाली बारीक अक्षरात, की हल्ली कधी कधी घटकाभर काय झालं ते आठवत नाही, परवा खांबाला धरून नुसता उभा होतास म्हणे, ऊन बाधलं असेल. मी कार्ड मोठ्यानं वाचत होतो. इंदूनं हातातला तांब्या खाली ठेवला. विचारलं, "किती डाव म्हनला?" तीनदा, मी म्हणालो. मग तिनं विचारलं, तुला कधी डोक्याला लागलं होतं का? मिरजेला झुल्यावरून जाळीबाहेर पडलास ते मी सांगितलं, दोन दिवस शुद्ध नव्हती तेही. तिनं त्या चिकटलेल्या बोटांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "टिकलीला मागू नगं, दादा. माज्यापाशी जमीन हाय पडायला. त्याच्यापाशी न्हाई." म्हणून हे पत्र. डॉक्टरांना दाखव, इकडं आलास तर मी नेतो, दोघंही या, आमच्या घरात जागा आहे. पण ते नंतर. आज एवढंच कर. टिकलीनं वहाण आणली की हातातलं काम टाक आणि असशील तिथं मातीवर बस, पाठ कशाला तरी टेकव, आणि तिला जवळ बसू दे. तू वर असलास, चिमाजी, तर ती बिचारी वहाण तोंडात धरून खाली उभी राहील आणि वर बघत राहील. तिला शिडी चढायला मी शिकवलेलं नाही.

तुझाच,
सयाजी