कुंपणावरची करवंदं

शुक्रवार, मे १९८४. संध्याकाळ.

आज डोंगराबद्दल गावाचं मत घेतलं. म्हणजे वनखात्याच्या साहेबांनी घेतलं, आणि त्यांच्या कन्नडचं मराठी, गावाच्या मराठीचं कन्नड मी केलं. शाळामास्तर म्हटल्यावर दुसरं कोण करणार.

डोंगरावर निलगिरी लावायची आहे. ताराआक्का करवंदं घेऊनच आली होती. पळसाच्या पानात ती साहेबांपुढं ठेवून म्हणाली, "झाडं लावा, आमी न्हाय कुठं म्हणतोय? पर करवंदीच्या जाळ्यांना हात लावू नगा. उन्हाळाभर काकतीच्या बाजारात करवंदं इकूनच आमचं चालतंय." मी शब्द न् शब्द सांगितला. साहेब करवंदं खात मान डोलवत होते. सूचना चांगली आहे म्हणाले. लोक खूश झाले. मीही झालो. कशाला झालो?

सभेनंतर आक्कासोबत डोंगरामागच्या वाटेनं परतलो. तिथं खड्डे खणून तयार. निलगिरीची रोपं पिशव्यांतून रांगेनं मांडलेली, आणि गुरं शिरू नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण. करवंदीचं. कालपरवाच तोडलेलं असणार, फांद्यांना काळी करवंदं तशीच होती.

"मग इचारलं कशाला वो, गुर्जी?" आक्का म्हणाली.

साहेब जीपमधून कधीच गेले होते. असते तरी याचं कन्नड मी केलं असतं का? ती डोलणारी मान डोळ्यांपुढून हलत नाही.

आक्कानं पदराचा ओचा केला आणि कुंपणावरची करवंदं तोडायला लागली. "फुडल्या साली कुठली मिळायला," म्हणाली.